वयाच्या मानाने

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास असतं. मधोमध मूल, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, आणि आईच्या हातातला पेढा मुलाच्या तोंडात अर्धा गेलेला. तो अर्ध्यावर थांबलेला असतो, कारण छायाचित्रकार 'एक मिनिट, इकडे बघा' म्हणालेला असतो. खाली मुलाची मुलाखत असते. रोज आठ तास अभ्यास केला, मोबाइलपासून लांब राहिलो, यशाचं श्रेय आईवडिलांना आणि गुरुजनांना, पुढे यूपीएससी करून देशाची सेवा करणार. हे निवेदन एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या निरोप समारंभात वाचलं तरी कुणाला संशय येणार नाही. मग शेजारच्या काकू वर्तमानपत्राची घडी घालत म्हणतात, 'वयाच्या मानाने किती समंजस आहे हो!' या वाक्यावर आपल्याकडे सहसा कुणी हरकत घेत नाही. माझी हरकत मुलाच्या समंजसपणाला नाहीच. मूल समंजस आहे हे मी बिनशर्त मान्य करतो. तो समंजसपणा घरात कुणाच्या वाट्याचा होता आणि तो खर्च कशावर होतो, एवढीच माझी चौकशी आहे.

त्यासाठी हुशार मुलाच्या घरातली टेस्टच्या निकालाची रात्र बघावी. मार्क क्लासच्या ॲपवर दुपारीच आलेले असतात, त्यामुळे आईला ते ठाऊक असतात. आईला ठाऊक आहेत हे मुलाला ठाऊक असतं. तरीही मुलाने ते स्वतःच्या तोंडाने सांगावेत अशी घराची रीत असते. मूल ताटावर बसतं आणि पहिला घास गिळून म्हणतं, 'केमिस्ट्रीचा पेपर यावेळी खूपच लेंदी होता.' पोळी वाढणारा हात जरा थबकतो. 'सरसुद्धा म्हणाले, लेव्हल जास्त झाली.' मग थोडं वरण मागून घेतलं जातं. 'हायेस्टच एकशे अठ्ठावन्न आहे.' वरण भातात कालवून झाल्यावर, तोंडात घास असताना, त्यामुळे नीट ऐकू येणार नाही अशा बेताने, 'मला एकशे एकावन्न.' वडील मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि विचारतात, 'मग हे सात गेले कुठे?' आई काही बोलत नाही. ती फक्त कुकरचं झाकण ओट्यावर ठेवते. ते किती जोरात ठेवलं यावरून उद्याची सकाळ कशी जाणार, हे मुलाला बरोब्बर कळतं.

या मुलाने आधी परिस्थिती मांडली, मग जाणकार साक्षीदार आणला, मग तुलनेसाठी आकडा ठेवला आणि सगळ्यात शेवटी, पोटात अन्न गेल्यावर, वाईट बातमी दिली. एवढं कसब यायला वकिलांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हा पोक्तपणाच आहे, यात वाद नाही. पण तो सगळाच्या सगळा आईबापांना सांभाळण्यात खर्च झाला. माझा सिद्धान्त असा, की प्रत्येक घरात पोक्तपणाचा एक ठरावीक साठा असतो आणि दहावी-बारावीच्या वर्षी तो सगळा मुलाच्या नावावर वळता होतो. त्याला इलाज नसतो. रुसणं, अबोला धरणं, शेजारच्या बंट्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून फुरंगटणं, मनासारखं झालं नाही तर न जेवता झोपणं ही बालपणाची कामं त्या काळात आईबापांनी अंगावर घेतलेली असतात. मग घरात कुणीतरी मोठं माणूस असावं लागतं.

या मोठेपणाची दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञांनी तपासून ठेवली आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, 'तू हुशार आहेस'. काहींना सांगितलं, 'तू मेहनत घेतलीस'. मग अवघड कोडी दिली, त्यात सगळ्यांचेच मार्क घसरले. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले मार्क निनावी लिहायला सांगितले, तेव्हा 'हुशार' ठरलेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. समोर आई नाही, बाबा नाहीत, कुकर नाही, नावसुद्धा नाही, तरी मुलाने हुशारीची इभ्रत राखली. आपल्याकडे तर मूल हुशार आहे ही बातमी बारशालाच फुटलेली असते.

आता नीट परीक्षेच्या केंद्राचं फाटक बघू. मे महिन्यातलं दुपारचं ऊन. आत अर्ध्या बाह्यांचे कपडे आणि साध्या चपला घालून, रांगेत शांतपणे सरकणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं. बाहेर त्यांचे पालक. कुणाच्या मुठीत मुलीच्या कानातले आणि चमकी, कुणाच्या हातात मुलाचे बूट, कारण 'बूट चालत नाहीत हे कुणी सांगितलंच नाही'. एक वडील पोस्टकार्ड आकाराचा फोटो राहिला म्हणून झेरॉक्सच्या दुकानाकडे धावत सुटलेले असतात आणि रांगेतून मुलगा शांतपणे हाक मारतो, 'बाबा, थांबा, माझ्याकडे दुसरा आहे.' फाटक बंद झाल्यावर पालक झाडाखाली वर्तमानपत्रं पसरतात आणि मागच्या वर्षीच्या कट-ऑफवर चर्चा सुरू होते. आतल्या मुलांना निदान तीन तासांनी थांबा म्हणून सांगतात. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, बरोबर उत्तराला अधिक चार, चुकलं तर उणे एक. या उणे एकचा धाक मुलांना वर्षभर घातलेला असतो. खात्री नसेल तर हात लावायचा नाही. परीक्षेपुरतं हे शहाणपणाचंच आहे. पण अठराव्या वर्षापर्यंत ज्याने 'खात्री नसेल तर हात लावायचा नाही' एवढंच गिरवलं, त्याला पुढे नोकरी, मैत्री आणि लग्न या तिन्ही विषयांचे पेपर जन्मभर कोरे ठेवावे लागतील. या तिन्हीत खात्रीने टिक करावी असा पर्याय अजून कुणाला सापडलेला नाही.

हे सगळं क्लासवाल्यांनी आणि मोबाइलने बिघडवलं, असं म्हणण्याची पद्धत आहे. तसं म्हणणाऱ्यांनी जेम्स मिल यांची ओळख करून घ्यावी. हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता या गृहस्थांनी हिंदुस्थानचा कित्येक खंडांचा इतिहास लिहिला. अशा माणसाने मुलाच्या कलाने न जाता मुलाचं आयुष्यही बसल्या जागी लिहून काढावं, यात नवल नाही. मुलगा जॉन स्टुअर्ट १८०६ मध्ये जन्मला. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, मग बीजगणित, तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र. इतर मुलांची संगत नको म्हणून शाळा नाही. धाकट्या भावंडांना शिकवायचं कामही यानेच करायचं आणि त्यांचे धडे कच्चे राहिले तर जाबही यानेच द्यायचा. १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लागला, तोही वडिलांच्याच हाताखाली. म्हणजे इंटिग्रेटेड कोर्स, होस्टेल, टेस्ट सिरीज आणि कॅम्पस प्लेसमेंट हे सगळं एकाच इसमाकडे होतं. आणि कोर्स यशस्वी झाला, हे कबूल केलंच पाहिजे. त्या शतकातला एक मोठा विचारवंत त्यातून तयार झाला. आगरकरांच्या पिढीने त्याची पुस्तकं आपल्याकडे डोक्यावर घेतली.

त्याच विचारवंताने आत्मचरित्राच्या कच्च्या खर्ड्यात लिहून ठेवलं आहे, की रोजच्या साध्या व्यवहारात आपण अगदीच अजागळ होतो, कपडे आपले आपण घालायला इतर मुलांपेक्षा फार उशिरा शिकलो आणि साधी गाठ मारता यायला किती वर्षं गेली ते सांगता येत नाही. ग्रीक येत होतं, गाठ येत नव्हती. १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने स्वतःला विचारलं, की ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या सगळ्या आज झाल्या तर आपल्याला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. पुढे कित्येक महिने उदासीत गेले. वडिलांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या अभ्यासक्रमात हा धडाच नव्हता. मळभ पहिल्यांदा हललं ते मार्मोन्तेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना डोळ्यांत पाणी आलं तेव्हा. प्रसंग होता लेखकाच्या वडिलांच्या मृत्यूचा. यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी काही लिहीत नाही. पण याच मिलने पुढे एक निरीक्षण नोंदवलं आहे, की धडाडीच्या आईबापांची मुलं बरेचदा निरुत्साही निघतात, कारण त्यांच्या वाटची धडाडी आईबापच दाखवत असतात. माझा साठ्याचा सिद्धान्त हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी बराचसा मांडून गेला, आणि त्याच्याकडे तर घरचा पुरावा होता.

अलीकडे या जातीच्या पालकत्वाला 'टायगर' म्हणतात. २०११ मध्ये एमी चुआ यांच्या पुस्तकाने हे नाव जगभर केलं. आपल्याला त्यात नवीन काही नाही. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन मुलांना भेटायला निघालेली वडीलधारी व्यक्ती आपल्या परंपरेत शेकडो वर्षांपासून आहे. चांगदेवांचं वय आख्यायिकेप्रमाणे चौदाशे वर्षं. समोर आळंदीची चार भावंडं, तीही भिंतीवर निवांत बसलेली. आधी पत्र लिहिताना मोठेपणाने लिहावं की धाकटेपणाने हे न सुचून चांगदेवांनी कोराच कागद पाठवला होता, आणि सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईने चौदाशे वर्षांनंतरही हे कोरेच राहिले असा शेरा मारला होता. पुढे चांगदेवांनी त्याच मुलीला गुरू केलं. आजच्या वाघस्वार पालकांना ही गोष्ट चांगली पाठ असते, पण ती ऐकताना ते स्वतःला भिंतीच्या बाजूला धरतात. खुद्द वाघाच्या पद्धतीचं काय होतं, तेही मोजून झालं आहे. टेक्सास विद्यापीठाच्या सू यंग किम यांनी चारशेहून अधिक चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं मागोवा घेतला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. मायेने पण लक्ष ठेवून वाढवणाऱ्या पालकांच्या मुलांपेक्षा वाघांच्या मुलांचे मार्कही कमी होते आणि उदासीही जास्त होती. मार्क जास्त आणि उदासीही जास्त असं निघालं असतं तर आपल्याकडे तो सौदा पुष्कळांनी पत्करला असता. पण हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा निघाला.

आता हरकती. पहिली आणि वजनदार हरकत जागांची आहे. २०२४ च्या नीटला तेवीस लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्या वर. त्यातही परवडतील अशा सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. अशा वेळी पालकांनी हातावर हात ठेवून बसावं काय? बसू नये. भीती खरी आहे आणि तिची टिंगल करण्यात मला रस नाही. फक्त हिशेब बघा. चर्चगेटला लोकल थांबायच्या आत उड्या टाकणाऱ्यांमुळे डब्यातली बाकं वाढत नाहीत आणि गाडीही वेळेआधी सुटत नाही; खिडकी एकाऐवजी दुसऱ्याला मिळते आणि गुडघे सगळ्यांचेच फुटतात. तेवीस लाख आयांनी सारख्याच जोराने कुकरची झाकणं आपटली तरी जागा लाखाच्या थोड्या वरच राहणार. राज्य मंडळाच्या दहावीत २०२५ मध्ये २११ मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. सर्वोत्तम पाच विषय आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून शंभर होतात हे खरं; तरी इतक्या मुलांना शंभर पडल्यावर एकशेएकावा टक्का कुठून आणायचा, या विवंचनेतले पालकही असणारच.

दुसरी हरकत माणसांची नावं घेऊन येते. हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी लग्नाआधीच्या पत्रव्यवहारातच आपला बेत मांडला होता, की प्रतिभावंत जन्मत नाहीत, घडवता येतात, आणि आपण घडवणार. तिन्ही मुलींना बुद्धिबळ शिकवलं. धाकटी ज्यूडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा विक्रम मोडला. हे उदाहरण मी वळसा घालून टाळणार नाही, पोल्गार जिंकले. पण हाच बेत करून हरलेल्या बापांनी पुस्तकं लिहिलेली नाहीत, त्यामुळे त्यांची गणती होत नाही. 'आम्ही वडिलांचा मार खाल्ला म्हणून घडलो' म्हणणाऱ्यांचंही तसंच आहे. मार खाऊन न घडलेले लोक व्याख्यानमालेत बोलायला येत नाहीत. आणि आपलं सगळ्यांत लाडकं उदाहरण सचिन तेंडुलकरचं. सांगणारे आचरेकर सरांची शिस्त सांगतात, शिवाजी पार्क सांगतात, सोळाव्या वर्षीची कराचीची कसोटी सांगतात. मुलाला मुळात खेळायचंच होतं, एवढं मात्र गाळतात. वडील प्राध्यापक आणि कवी. घरी पुस्तकं होती. तरी त्यांनी मुलाला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. आज सचिनचा दाखला देणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांत त्या मुलाला 'आधी बारावी कर, मग काय ती बॅट फिरव' असंच ऐकावं लागलं असतं, आणि दहाव्या घरात बॅटचाच क्लास लागला असता, पहाटे साडेचारचा.

तिसरी हरकत अशी, की दबाव काढला तर मुलं काही करणारच नाहीत. ही हरकत घेणारे दबाव आणि अपेक्षा एकाच डब्यात भरतात. डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं, की कडक अपेक्षा ठेवणारे पण मुलाचं ऐकून घेणारे पालक हा वेगळा वर्ग आहे आणि त्यांची मुलं स्वावलंबी निघतात. अशा घरातही 'सात मार्क गेले कुठे' हा प्रश्न विचारतात, पण तो केमिस्ट्रीबद्दल असतो आणि उत्तर मिळालं की संपतो. इतर घरांत तो प्रश्न आईबापांच्या इभ्रतीबद्दल असतो, आणि त्याचं उत्तर केमिस्ट्रीत नाही.

ही गंमत एका ठिकाणी पार थांबते. राजस्थानातल्या कोटा या क्लासच्या गावात मुलांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. प्रशासनाच्या हातात पंखे होते, म्हणून त्यांनी पंखे बदलले. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये असं सांगितलं. आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचच्या जाहिराती तरी रिक्षांच्या पाठीवर दिसतातच. वाचताना लक्षात येतं ते एवढंच, की या मुलांबद्दलच्या बातम्यांतही जाण्याआधी तो किंवा ती कशी होती याचं वर्णन पुन्हापुन्हा तेच असतं. शांत, आज्ञाधारक, समंजस.

जी मुलं नीट मार्गी लागतात, आणि बहुसंख्य लागतातच, त्यांच्या घरात साठ्याचा हिशेब मिटतो असंही नाही. प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म वडील भरतात. लॉगिन त्यांच्या मोबाइलवर असतं, ओटीपी त्यांनाच येतो. होस्टेलच्या मेसमधल्या पोळीबद्दल आई रेक्टरशी बोलते. मुलाने इंटिग्रल सोडवायचे आणि बाकी सगळं घराने, ही वाटणी इतकी मुरते की बत्तिसाव्या वर्षी वधुवर सूचक मंडळात दिलेल्या बायोडाटातही उंची, रक्तगट आणि वार्षिक पॅकेजच्या वर 'दहावी : ९६.४० टक्के' ही ओळ सुखाने नांदत असते. ती ओळ वडिलांनी घातलेली असते. मुलगा ती काढायला सांगत नाही. बाबांना वाईट वाटेल हे त्याला कळतं. तेवढा तो पहिल्यापासूनच समंजस आहे. मग त्याचं लग्न होतं, मूल होतं, आणि ते अडीच वर्षांचं झालं की नर्सरीच्या प्रवेशासाठी कुठल्या शाळेत कोणते प्रश्न विचारतात याची माहिती ऑफिसात गोळा होऊ लागते. खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा त्याच्या पालकांची चाचणी घ्यायला बंदी केली आहे. पहिल्यांदा मोडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. मुलाच्या चाचणीवरची बंदी अगदी योग्य आहे. पालकांना मात्र या कायद्याने जरा घाईनेच सोडून दिलं.